आई बरी झाली, पण मध्यस्थी कुणाची? संत, चमत्कार आणि बायबलची कसोटी

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही कॅथलिक घरात वाढलात. गेल्या वर्षी आई गंभीर आजारी पडल्या, घरच्यांनी एका संतांच्या नावाने नोव्हेना, म्हणजे सलग नऊ दिवसांची प्रार्थना, केली आणि आई बऱ्या झाल्या. आता त्यांना त्या संतांच्या तीर्थस्थळी जाऊन नवस फेडायचा आहे आणि तुम्ही सोबत यावं अशी त्यांची इच्छा आहे. दरम्यान तुम्ही एका बायबल अभ्यासगटात जाऊ लागलात. तिथे तुम्हाला सांगण्यात आलं की संतांकडे प्रार्थना म्हणजे मेलेल्यांशी बोलणं, ती मूर्तिपूजाच, आणि आईचं बरं होणं ही सैतानाची फसवणूकही असू शकते. तुम्ही विचारता: संतांची मध्यस्थी बायबलच्या कसोटीवर टिकते का? टिकत नसेल, तर आई बरी झाली ते काय होतं? आणि मी तिच्यासोबत जाऊ की नको?

मी प्रॉटेस्टंट मंडळीत गेली 28 वर्षं बायबल शिकवतो. माझ्या वर्गात कॅथलिक भाऊबहिणी नेहमीच असतात, त्यामुळे हा विषय माझ्यासमोर दरवर्षी येतो. माझं मत लपवत नाही: स्वर्गवासी संतांना उद्देशून प्रार्थना करावी असं बायबल कुठेच शिकवत नाही, आणि एखादा चमत्कार घडला म्हणून ती शिकवण खरी ठरत नाही. पण तुमच्या गटाने दिलेली निम्मी कारणं कच्ची आहेत. आणि सैतानाबद्दलचं ते वाक्य तर तुमच्यासमोर कुणी उच्चारायलाच नको होतं. त्याकडे मी शेवटी येतो.

कच्च्या कारणांपासून सुरुवात करतो, कारण तीच तुम्हाला सगळ्यात जास्त टोचली असणार. बायबलच्या जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकात, 18:10-11 मध्ये, मृतांना विचारणं निषिद्ध आहे. खरं आहे. पण तो उतारा सबंध वाचा. तिथे शकुन पाहणारे, जादूटोणा करणारे, भुतांना विचारणारे अशांची यादी आहे. मृताकडून गुप्त माहिती काढून घ्यायची, पुढे काय होणार ते विचारायचं, हा तिथला गुन्हा. शौल राजाने एन-दोरच्या बाईकडे जाऊन नेमकं हेच केलं. युद्धाची भीती वाटली, देव उत्तर देईना, म्हणून मेलेल्या शमुवेलाला वर बोलवा म्हणाला. तुमच्या आईने असं काही केलेलं नाही. त्यांनी कुणाला भविष्य विचारलं नाही, त्यांनी 'माझ्यासाठी देवाजवळ विनंती करा' असं म्हटलं. या दोन गोष्टींना एकाच तराजूत घालणं अन्याय आहे.

हे मला एका आजींनी शिकवलं. शिकवायला लागून दोनच वर्षं झाली होती. वर्गात एक कॅथलिक आजी यायच्या. हातात जपमाळ, मण्यांचा रंग बोटांच्या घासण्याने उडालेला. मी मोठ्या आवेशात अनुवाद 18 उघडला आणि त्यांच्याकडे बघतच वाचला. त्या शांतपणे म्हणाल्या, 'सर, तुम्ही दर रविवारी मला सांगता, आजी, माझ्यासाठी प्रार्थना करा. मी करते. उद्या मी मेले आणि प्रभूजवळ गेले, तर तिथे मी तुमच्यासाठी प्रार्थना करायची थांबेन का?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पान उलटून पुढचा विषय घेतला. त्या पुढच्या रविवारी आल्या नाहीत. मी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली, पण त्यांच्या प्रश्नाचं धड उत्तर द्यायला मला पुढे कितीतरी वर्षं लागली. ते उत्तर या लेखात आहे.

दुसरं कच्चं कारण म्हणजे 1 तीमथ्य 2:5. देव एक आहे आणि देव व माणसं यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू. हे वचन आपल्या विश्वासाचा कणा आहे आणि मी ते कधीच हलकं करणार नाही. पण त्याच अध्यायाचं पहिलं वचन वाचा: सर्व माणसांसाठी विनंत्या, प्रार्थना, मध्यस्थी करावी असं पौल सांगतो. म्हणजे एकाने दुसऱ्यासाठी प्रार्थना केल्याने ख्रिस्ताच्या मध्यस्थपणाला धक्का लागत नाही. लागत असता तर आपण एकमेकांना 'प्रार्थना करा' म्हणूच शकलो नसतो. कॅथलिक शिक्षक हेच उत्तर देतात आणि इथपर्यंत ते बरोबर आहेत. त्यामुळे नुसतं हे एक वचन दाखवून वाद संपला असं समजू नका.

आता कॅथलिक मंडळी प्रत्यक्षात काय शिकवते ते नीट मांडायला हवं. आपण ज्याला उत्तर देतो त्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी सांगता आलं पाहिजे, हा नियम मी माझ्या वर्गात फार कडकपणे पाळतो. कॅथलिक शिकवणीप्रमाणे आराधना फक्त देवाची. संतांना दिला जातो तो आदर. 787 साली निकेआ इथे भरलेल्या बिशपांच्या दुसऱ्या परिषदेत प्रतिमांच्या वादात हा फरक स्पष्ट केला गेला. चमत्कार संत करत नाहीत, देव करतो. संत फक्त विनंती करतात. आणि ट्रेंट इथल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर 1563 मध्ये संतांच्या मध्यस्थीबद्दल जो ठराव केला त्यात संतांना विनवणं 'चांगलं आणि उपयुक्त' आहे असे शब्द आहेत. ते केल्याशिवाय तारण नाही, असं तिथे म्हटलेलं नाही. ही गोष्ट तुमच्या अभ्यासगटातल्या लोकांना बहुधा ठाऊक नसेल, आणि खूपशा कॅथलिकांनाही नसते.

आता 'संत' या शब्दाकडे वळू. आपल्या मराठी बायबलमध्ये पौलाच्या पत्रांत जिथे ग्रीक 'हागिओई' हा शब्द येतो तिथे 'पवित्र जन' असं भाषांतर आहे, आणि तो शब्द जिवंत, चालत्याबोलत्या विश्वासणाऱ्यांसाठी वापरला आहे. करिंथकरांस पहिलं पत्र उघडा. दुसऱ्याच वचनात पौल त्या मंडळीला पवित्र जन म्हणतो. आणि पुढे काय वाचायला मिळतं? गटबाजी. भाऊ भावाला कोर्टात खेचतोय. प्रभुभोजनाला एक उपाशी राहतो तर दुसरा पिऊन झिंगतो. त्यांना तो खडसावतो, पण 'तुम्ही पवित्र जन नाही' असं एकदाही म्हणत नाही, कारण ते ख्रिस्तात पवित्र केलेले आहेत. त्यांच्या कर्तबगारीवर ते नाव बेतलेलं नाही.

विश्वासणाऱ्यांमधून मोजक्यांना वेगळं काढून 'संत' म्हणायची रीत पुढे हळूहळू तयार झाली, आणि तिची सुरुवात अगदी हृदयस्पर्शी आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यात स्मुर्णाचा वृद्ध बिशप पोलीकार्प हुतात्मा झाला आणि त्याचा देह जाळला गेला. त्याच्या माणसांनी राखेतून हाडं गोळा केली, ती रत्नांपेक्षा मोलाची मानली आणि त्याच्या हौतात्म्याचा दिवस पाळायचं ठरवलं. त्या घटनेच्या वृत्तांतात ते लिहितात की आराधना आम्ही ख्रिस्ताची करतो. हुतात्म्यांवर प्रभूचे शिष्य म्हणून प्रेम करतो. पोलीकार्पाची आठवण जपणाऱ्या त्या माणसांशी माझं काहीच भांडण नाही. पण त्यांनी पोलीकार्पाला उद्देशून प्रार्थना केली असं त्या वृत्तांतात दिसत नाही. आठवण ठेवण्यापासून विनवण्यापर्यंतचा प्रवास नंतरचा आहे. त्याहून कितीतरी नंतर, 993 साली, पोपने एखाद्याला विधिवत संत जाहीर केल्याची पहिली नोंद सापडते, ती आउग्सबुर्गच्या उल्रिकची. 1588 मध्ये पोप पाचव्या सिक्स्टसने रोममध्ये उपासनेच्या विधींसाठी खातं स्थापन केलं आणि हे कामही त्याच्याकडे सोपवलं. हा सगळा इतिहास आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण तो प्रेषितांच्या काळातला नाही, एवढं लक्षात असू द्या.

आता आजींचा प्रश्न. मेल्यावर प्रेम थांबेल का? नाही. प्रकटीकरण 6:9-10 मध्ये हुतात्म्यांचे आत्मे वेदीखालून देवाला हाक मारतात. म्हणजे ते झोपलेले नाहीत, पृथ्वीवर काय चाललंय याची त्यांना तळमळ आहे. 5:8 मध्ये चोवीस वडिलांच्या हातांत धूपाच्या वाट्या आहेत आणि त्या पवित्र जनांच्या प्रार्थना आहेत असं योहान सांगतो. कॅथलिक बायबलमध्ये 2 मक्काबी 15 मध्ये यिर्मया संदेष्टा आपल्या लोकांसाठी प्रार्थना करताना एका स्वप्नात दिसतो. ते पुस्तक आमच्या मंडळ्या शास्त्र म्हणून मानत नाहीत, तरी मी ते बाजूला सारत नाही. या सगळ्या उताऱ्यांवरून मी आनंदाने मान्य करतो की स्वर्गातले पवित्र जन देवाशी बोलतात, आणि आपल्यासाठीही बोलत असतील.

पण हे उतारे पुन्हा वाचताना एक गोष्ट बघा. ते प्रार्थना करतात. त्यांना कुणी प्रार्थना करत नाही. वाट्यांमधला धूप देवासमोर चढतो. त्या वडिलांना उद्देशून कुणी काही मागितलेलं नाही. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत स्वर्गातल्या एखाद्या पवित्र माणसाला 'आमच्यासाठी विनंती कर' म्हणून केलेली एकही प्रार्थना नाही. स्तोत्रांचं 150 अध्यायांचं पुस्तक आहे, त्यात माणसाच्या तोंडून निघेल असा प्रत्येक आक्रोश आहे. दाविदाने एकदाही अब्राहामाला किंवा मोशेला हाक मारलेली नाही. येशूच्या शिष्यांनी 'आम्हाला प्रार्थना करायला शिकवा' म्हटलं तेव्हा त्याने 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' असं शिकवलं. स्तेफन दगडमारात मेला, याकोबाचा तलवारीने वध झाला. त्यांच्यानंतर लिहिलेल्या कुठल्याही पत्रात मंडळीला 'आता स्तेफनाला विनवा' असं कुणी सांगितलं नाही. मौनावरून काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे. पण प्रार्थनेबद्दल एवढं भरभरून बोलणारं शास्त्र नेमकं इथेच गप्प का, हा प्रश्न रास्त आहे.

आणि यातला सगळ्यात कळीचा मुद्दा ऐकण्याचा आहे. आजी माझ्यासमोर बसलेल्या असताना मी त्यांना विनंती करतो, कारण त्यांना माझा आवाज ऐकू येतो. तुमच्या आई अंथरुणावर पडल्या पडल्या मनातल्या मनात, ओठही न हलवता जे म्हणाल्या, ते कोण ऐकतं? मंदिराच्या समर्पणाच्या वेळी शलमोन देवाला म्हणतो की सर्व माणसांची मनं जाणणारा केवळ तूच आहेस (1 राजे 8:39). केवळ तूच. कॅथलिक धर्मशास्त्राचं यावर उत्तर आहे आणि ते पोरकट नाही: संत स्वतःच्या बळावर ऐकत नाहीत, ते देवाला समोरासमोर पाहतात आणि देव त्यांना आपल्या विनंत्या कळवतो, असं मध्ययुगातला कॅथलिक धर्मशास्त्री थॉमस अक्वायनस सांगतो. मग मी एवढंच विचारतो की माझी विनंती आधी देवाकडे पोहोचते, देव ती संताला कळवतो आणि संत ती पुन्हा देवासमोर मांडतो, हा फेरा बायबलने कुठे सांगितला आहे? उलट इब्री लोकांस पत्र 4:15-16 मध्ये लिहिलंय की आपला प्रमुख याजक, म्हणजे येशू, आपल्या दुर्बलतेत सहानुभूती बाळगणारा आहे, म्हणून कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने जा. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पवित्र आत्मा आपल्यासाठी शब्दांपलीकडच्या कण्हण्याने विनंती करतो आणि ख्रिस्त देवाच्या उजवीकडे मध्यस्थी करतो. दार सताड उघडं असताना, आत जायला आणखी कुणाची चिठ्ठी लागते असं आपल्याला वाटत राहतं. यातच माझं खरं दुःख आहे. खूप कॅथलिकांकडून मी ऐकलंय, 'मी एवढी पापी, थेट देवाकडे कशी जाऊ? संतांच्या मार्फत जाते.' तसं त्यांची मंडळीही शिकवत नाही, पण मनात ते घट्ट बसलेलं असतं. आणि ज्याने वधस्तंभावर हात पसरले त्याच्याचबद्दल ही धास्ती!

प्रेषित स्वतः या बाबतीत किती हळवे होते ते पाहायचं असेल तर प्रेषितांची कृत्ये 14 वाचा. लुस्त्र गाव. जन्मापासून पांगळा असलेला माणूस पौलाच्या शब्दावर उडी मारून उभा राहतो. चमत्कार अस्सल, साक्षीदार गावभर. लोक आपल्या लुकवनी भाषेत ओरडायला लागतात, देव माणसांच्या रूपात उतरले. बर्णबाला ज्यूस आणि पौलाला हर्मीस ठरवतात. पुजारी बैल आणि फुलांच्या माळा घेऊन येतो. प्रेषितांना उमगतं तेव्हा ते अंगावरचे कपडे फाडतात, गर्दीत घुसतात आणि ओरडून सांगतात की आम्हीही तुमच्यासारखीच माणसं आहोत. तरी लोकांना आवरता आवरत नाही. पेत्राचंही तेच: कर्नेल्य पाया पडला तर त्याने त्याला उठवलं, 'मीही माणूसच आहे.' यावर 'ती तर देव समजून केलेली पूजा होती, आम्ही आदर देतो' असं कॅथलिक म्हणतील, आणि लुस्त्रपुरतं ते खरं आहे. पण योहानाचं काय? आयुष्यभर प्रभूबरोबर राहिलेला तो माणूस देवदूताला देव समजला असेल असं मला वाटत नाही. तरी प्रकटीकरण 19 आणि 22 मध्ये, दोनदा, देवदूत त्याला थांबवतो: असं करू नको, मी तुझा सोबतीचा दास आहे, देवाला नमन कर. आदर आणि आराधना यांतला फरक पुस्तकात आखणं सोपं. गुडघे टेकलेल्या माणसाच्या मनात तो टिकवणं अवघड. देवदूताने ती जोखीमच घेतली नाही.

अवशेषांबद्दल, म्हणजे संतांची जपून ठेवलेली हाडं किंवा वस्तू यांबद्दल, मात्र तुमच्या गटाला सांगा की घाईने हसू नका. अलीशाच्या हाडांना स्पर्श होताच मेलेला माणूस उठला, हे 2 राजे 13:21 मध्ये लिहिलंय. इफिसमध्ये पौलाच्या अंगाला लागलेले रुमाल रोग्यांवर घातले आणि ते बरे झाले, हे कृत्ये 19:12 मध्ये आहे. देव वस्तूमधून काम करू शकतो, आणि केलंही आहे. पण अलीशाच्या कबरीची यात्रा सुरू झाली असं पुढे कुठे लिहिलेलं नाही. आणि जिथे वस्तू जपली गेली तिथे काय झालं तेही बायबल सांगतं. मोशेने अरण्यात देवाच्या आज्ञेवरून पितळी साप केला, त्याच्याकडे पाहिल्यावर सर्पदंश झालेले वाचले (गणना 21). आज्ञा देवाची, चमत्कार खरा. इस्राएल लोकांनी तो साप शेकडो वर्षं जपला आणि हळूहळू त्याच्यापुढे धूप जाळू लागले. हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले (2 राजे 18:4). त्याने मोशेला खोटं ठरवलं नाही, 'अरण्यात कुणी बरं झालंच नव्हतं' असंही म्हटलं नाही. धूप कुणासमोर जळतोय एवढंच त्याने पाहिलं.

आता चमत्कार. मंडळीत संतपद कसं ठरतं ते थोडं जवळून पाहा. आधी त्या व्यक्तीचं आयुष्य, लेखन, सद्गुण वर्षानुवर्षं तपासले जातात. मग साधारणपणे 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) जाहीर करायला एक चमत्कार आणि संत जाहीर करायला त्यानंतर घडलेला आणखी एक लागतो. हुतात्म्याला पहिला माफ असतो. चमत्कार बहुतेक वेळा आजार बरा होण्याचा असतो. डॉक्टरांचं मंडळ कागद तपासतं: आजार गंभीर होता का, बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकाऊ होतं का, उपचारांनी त्याचा उलगडा होतो का. 2016 च्या नियमांप्रमाणे सातपैकी किमान पाच डॉक्टरांचं मत जुळावं लागतं. डॉक्टर 'चमत्कार' हा शब्द वापरत नाहीत. 'विज्ञानाने उलगडत नाही' एवढंच म्हणतात. मग धर्मशास्त्री त्याच व्यक्तीच्या मध्यस्थीची विनवणी केली गेली होती का, हे पाहतात. ही पद्धत काटेकोर आहे आणि तिची थट्टा करणाऱ्यांचा मला राग येतो.

माझा आक्षेप डॉक्टरांच्या पायरीला नाही, तिच्या पुढच्या पायरीला आहे. रोगी बरा झाला, देवाने केलं, इथपर्यंत माझंही आमेन. पण 'अमुक एक व्यक्ती स्वर्गात आहे आणि तिनेच विनंती केली', हे त्यावरून कसं निघतं? बायबलमध्ये चमत्कार देवाच्या संदेशाला दुजोरा देतो. इब्री 2:3-4 हेच सांगतं. मेलेल्या माणसाचा स्वर्गातला दर्जा सिद्ध करायला तो कुठेही वापरलेला नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाबद्दल लोक म्हणाले की त्याने एकही चमत्कार केला नाही (योहान 10:41), आणि येशू म्हणाला की स्त्रियांपासून जन्मलेल्यांत त्याच्याहून मोठा कुणी झाला नाही. उलट मत्तय 7:22-23 मध्ये 'तुझ्या नावाने पुष्कळ अद्भुतं केली' म्हणणाऱ्यांना प्रभू सांगतो, मी तुम्हाला कधी ओळखलं नाही. अनुवाद 13 तर आणखी स्पष्ट आहे. एखाद्याने चिन्ह सांगितलं, ते खरंही ठरलं, तरी तो तुम्हाला देवापासून दूर नेत असेल तर त्याचं ऐकू नका. कॅथलिक दुसऱ्या देवाकडे नेतात असं मी म्हणत नाही. या अध्यायातून मी एवढंच घेतो: चिन्ह खरं ठरलं म्हणून त्याला जोडलेली शिकवण आपोआप खरी ठरत नाही. शिकवण वेगळी तपासावी लागते.

हीच कसोटी आमच्याकडेही लागते. व्यासपीठावर कुबड्या फेकायला लावणारे, बरं झाल्याची साक्ष दाखवून 'म्हणून माझी शिकवण खरी' म्हणणारे उपदेशक आमच्या बाजूला कमी नाहीत, आणि त्यांच्यासमोर मी हाच अनुवाद 13 ठेवतो. 1536 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीला प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनने फ्रान्सच्या राजाला उद्देशून लिहिलं होतं की आमच्याकडून नवे चमत्कार मागू नका, आम्ही नवं शुभवर्तमान आणलेलं नाही. त्याच्या वारसांनी हे विसरू नये. आणि चमत्कार प्रेषितांबरोबर संपले असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. प्राचीन मंडळीचा मोठा शिक्षक, बिशप ऑगस्टीन, यालाही आधी तसंच वाटत होतं. उतारवयात त्याने ते मत बदललं आणि आपल्या हिप्पो शहरात बरे झालेल्यांच्या लेखी नोंदी दोन वर्षांच्या आत सत्तरच्या आसपास जमल्या, असं लिहून ठेवलं. त्यातल्या बऱ्याच स्तेफनाच्या अवशेषांजवळच्या होत्या, हेही मी तुमच्यापासून लपवणार नाही.

मग आई बऱ्या झाल्या ते काय होतं? मार्क 5 मध्ये 12 वर्षं रक्तस्रावाने पिडलेली बाई आहे. वैद्यांवर सगळा पैसा संपलेला, आजार वाढलेला. ती गर्दीत मागून येते. समोर यायचं धैर्य नाही, मनात एकच कल्पना: वस्त्राला शिवलं तरी पुरे. खरं सांगायचं तर तिची समजूत अर्धवटच होती. शक्ती कापडात आहे असंच तिला वाटत असावं. येशूने काय केलं? 'आधी समजूत नीट कर, मग बरी हो' असं म्हटलं नाही. ती शिवली त्या क्षणी बरी झाली. पण त्याने तिला तसंच जाऊही दिलं नाही. याईराची मुलगी मरणाला टेकलेली, लोक घाई करतायत, आणि हा थांबून विचारतो, मला कुणी शिवलं? ती थरथरत पुढे येते, सगळं सांगते. तेव्हा तो तिला 'मुली' म्हणतो आणि सांगतो की तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं आहे. वस्त्राचं नावही काढत नाही. ती आली होती वस्त्राजवळ. तिने जावं ते त्याचा चेहरा पाहून, एवढ्यासाठी तो थांबला.

तुमच्या आईबद्दल मी असंच मानतो. त्यांची हाक संतांच्या नावाने निघाली असेल. ऐकली त्याने, कारण मनं जाणणारा तो एकच आहे. चांगलं दान वरून, पित्याकडून येतं असं याकोब 1:17 सांगतं, आणि बरं झालेलं शरीर हे चांगलं दान आहे. ज्या बाईने बरी झाल्यावर देवाची स्तुती केली तिच्या आरोग्याला सैतानाचं काम म्हणणाऱ्यांनी मार्क 3:22 पासून पुढे वाचावं. येशूच्या चांगल्या कामाला नेमकं तेच नाव देणाऱ्या शास्त्र्यांना त्याने किती कठोर उत्तर दिलं, ते तिथे आहे. पण आई बऱ्या झाल्या यावरून नोव्हेना योग्य होती असंही ठरत नाही. देव चुकीच्या पत्त्यावर टाकलेलं पत्रही वाचतो. म्हणून पत्ता बरोबर होता असं होत नाही.

तीर्थयात्रेचं आता. 2 राजे 5 मध्ये नामान सेनापती कुष्ठरोगातून बरा होतो, परमेश्वराशिवाय कुणाला यज्ञ करणार नाही म्हणतो, आणि मग संकोचून विचारतो: माझा राजा रिम्मोन या परक्या दैवताच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, मलाही वाकावं लागतं, एवढ्याची क्षमा होईल ना? अलीशा त्याला व्याख्यान देत नाही. 'शांतीने जा,' एवढंच म्हणतो. तुमच्या आई ज्या ठिकाणी निघाल्या आहेत ते रिम्मोनाचं देऊळ नाही, तिथे ख्रिस्ताचंच नाव घेतलं जातं. तेव्हा माझा सल्ला असा की जा. आईचा हात धरून जा, आजारातून उठल्या आहेत, पायऱ्या असतील. तुमच्या विवेकाला पटत नाही ती प्रार्थना तुम्ही म्हणू नका. आईने विचारलं तर खरं काय ते हळुवारपणे सांगा. ट्रेंटचे ते 'चांगलं आणि उपयुक्त' शब्द लक्षात ठेवा: खासगीत नोव्हेना न करणारी कॅथलिक बाई तिच्या मंडळीच्या दृष्टीनेही पाप करत नाही. मात्र 'संतांना विनवणं चूकच' असं तुम्ही म्हणू लागलात तर तुमच्या मंडळीच्या शिकवणीशी तुमचा खरा मतभेद आहे, आणि मिस्साच्या सुरुवातीच्या पापकबुलीत मरीयेला आणि संतांना विनंती येते तेव्हा तो दर रविवारी तुम्हाला जाणवेल. तो प्रश्न तुमच्या धर्मगुरूंशी समोरासमोर बोला, पाठीमागे नको.

आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी आईबरोबर लूक 17:11-19 वाचा, दहा कुष्ठरोग्यांचा प्रसंग. मोठ्याने, सावकाश. वाचून झालं की काही समजावू नका. आईला फक्त विचारा, 'आई, त्या परत आलेल्या माणसाने कुणाच्या पायाशी लोटांगण घातलं?' आणि त्या काय म्हणतात ते ऐका. मग मला कळवा, मी वाट पाहीन.